बोक्याचा मुक्काम

आमच्या इस्पितळात एक्स-रे काढणारी जी बाई आहे तिला समोर सगळे ताई म्हणतात आणि पाठीमागे भिंगरी. पाठीमागचं नाव तिला ठाऊक आहे. लहानपणी तिची आईच तिला भिंगरी म्हणायची, त्यामुळे रागवायचं काही कारण नाही. मी त्याच विभागात बाहेरच्या खिडकीपाशी बसते, येणाऱ्यांची नावं लिहून घेते आणि एकेकाला आत सोडते. नऊ वर्षं आम्ही एकाच भिंतीच्या अल्याडपल्याड काम करतोय.

तिच्या खोलीला खिडकी नाही. जाड दार, दारावर लाल दिवा, आत एक टेबल आणि खुंटीवर लटकवलेले शिशाचे जड एप्रन. दिवसाला चाळीस-पन्नास माणसं येतात. प्रत्येकाला ती त्याच सुरात सांगते, "श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका." माणूस बिचारा हलत नाही, ताई मात्र हलतच असते. बटण दाबताना तिचा पाय जमिनीवर ठेका धरतो. दोन पेशंटच्या मधे ती जिना उतरून पाणी पिऊन येते, माझ्या टेबलावरचे कागद सरळ करते, उघडं पेन दिसलं की टोपण लावते.

"ताई, बस ना दोन मिनिटं," मी म्हणायचे.

"बसले की अंगात मुंग्या चालतात गं," ती म्हणायची आणि निघायची.

तिचा नवरा या बाबतीत अगदी दुसरं टोक. ते घड्याळं दुरुस्त करतात आणि सगळी गल्ली त्यांना घड्याळजीच म्हणते. त्यांच्याच इमारतीच्या तळमजल्यावर हातभर दुकान आहे. सकाळी डोळ्याला भिंग लावून बसले की जेवायला उठणार, ते झालं की पुन्हा बसणार. दोघांचं जमलं कसं, असं मी एकदा विचारलं होतं. "ते बसतात म्हणून मला घर सापडतं," ताई म्हणाली. "दोघंही हिंडायला लागलो असतो तर एकमेकांना पत्रं पाठवत बसलो असतो."

तिला एक मोठा भाऊ होता. दादा ट्रक चालवायचा, लांब पल्ल्याचा. लग्न केलं नाही. "दोनदा ठरलं, दोन्हीदा हा माल पोचवायला गेला," एवढंच ताई त्याबद्दल सांगायची. त्याच्या केबिनमधे एक कुत्रा होता, तपकिरी, एक कान उभा आणि एक पडलेला. पिल्लू असताना तो काचेखालच्या फळीवर उन्हात अंगाचं मुटकुळं करून झोपायचा, म्हणून दादानं त्याचं नाव ठेवलं बोका. सात वर्षं बोका रोज नव्या गावी निजला. घर म्हणजे काय हे त्या जनावराला माहीतच नव्हतं.

एका सकाळी दादा खोकत आमच्या खिडकीपाशी आला. त्याचं नाव मीच लिहून घेतलं. आत गेला, लाल दिवा लागला, विझला. थोड्या वेळानं शर्टाची बटणं लावत तो बाहेर आला आणि मला म्हणाला, "सख्ख्या बहिणीला विचारलं काय दिसतंय, तर म्हणते डॉक्टर सांगतील! काय नियम तरी तुमचे!" हसत हसत गेला. दिवा विझलेला असूनही पुढच्या पेशंटसाठी दार उघडेना. मी टकटक करणार तेवढ्यात ताई बाहेर आली. माझ्या टेबलावरचे कागद आधीच सरळ होते, ते तिनं पुन्हा सरळ केले.

चार महिन्यांत दादा गेला. बोका ताईच्या घरी आला.

तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बोका दारापासून खिडकीपर्यंत जायचा, खिडकीपासून दारापर्यंत यायचा. पुन्हा जायचा, पुन्हा यायचा. खाली राहणाऱ्या मास्तरांनी वर येऊन अगदी सभ्यपणे विचारलं, की आपल्याकडे कुणी टाइपरायटर वगैरे घेतलाय का. घड्याळजींनी एका रविवारी त्याच्या फेऱ्यांची वेळ लावली. "अकरा सेकंद," ते म्हणाले. "अगदी नेमकी. असं मशीन मला मिळालं तर मी त्याला हात लावणार नाही." पण कुत्रा वाळत चालला होता. आणि त्याच्या जोडीला ताईही. इस्पितळात ती आता जिने दुप्पट चढत होती.

एकदा कामावरून परत आल्यावर ती बोक्याला घेऊन इमारतीखाली उभ्या असलेल्या त्यांच्या जुन्या गाडीत जाऊन बसली. का, तिलाही सांगता आलं नाही. दार लावलं आणि बोका पुढच्या सीटवर गोल झाला तो घोरायलाच लागला. घड्याळजी दुकान बंद करून आले तेव्हा दोघंही गाडीत गाढ झोपलेली. त्यांनी काचेवर टिचकी मारली नाही. वर जाऊन एकटेच जेवले.

"याला मुक्काम पाहिजे," दुसऱ्या दिवशी ताई मला म्हणाली. "रोज नवा."

"रोज कसा देणार?"

"रोज नाही. शनिवारी."

तिनं कुणाकडून तरी जुना तंबू आणला. पहिल्या खेपेची कथा तिनं सोमवारी मला रंगवून सांगितली. बोक्याची दोरी तिनं तंबूच्याच खुंटीला बांधली. पहाटे ससा दिसला. बोका निघाला, खुंटी निघाली, तंबू निघाला, आणि आत झोपलेली ताई पोत्यातल्या बटाट्यासारखी गडगडत दहा पावलं गेली. वर दंवानं सगळं ओलं, काड्यापेटी ओली, पाव कुत्र्यानं खाल्लेला. "आणि सांगते तुला," ती म्हणाली, "इतकी झोप मला वर्षभरात लागली नव्हती."

मग ती शिकत गेली. दोरी झाडाला बांधायची, खुंटीला नाही, आणि गळ्याला न लावता छातीपट्ट्याला लावायची. घरची एक मळकी चादर न्यायची, धुवायची नाही, म्हणजे नव्या जागीही ओळखीचा वास राहतो. गवतातून फिरून आलं की कानामागं आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघायची, चिमट्यानं धरून सरळ ओढायची, पिळायची नाही. हे सगळं ती मला माझ्या खिडकीपाशी उभं राहून सांगायची, रांगेतली माणसंही ऐकायची, आणि एकदा प्लॅस्टरमधला हात घेऊन आलेल्या गृहस्थांनी तर कागद मागून लिहून घेतलं.

पण तिच्या मुक्कामात मुक्काम असा नसायचाच. शनिवारी एका जागी तंबू ठोकायचा, रविवारी उजाडताच उपटायचा, दुसरीकडे जाऊन चहापुरता पुन्हा ठोकायचा, संध्याकाळी घरी. कुठलं तळं, कुठली टेकडी, विचारलं तर तिला आठवायचं नाही. "आता या दोघांत कोण कुणाला फिरवतंय ते कळेनासं झालंय," घड्याळजी म्हणाले होते.

थंडीच्या सुरुवातीला ती मला म्हणाली, "तू चल की एकदा." मी गेले. खरं सांगायचं तर मला तंबूचं वेड नाही. पण नऊ वर्षं जिला भिंतीपलीकडून ऐकलं तिला एकदा उघड्यावर बघावं असं वाटलं.

जंगलाच्या कडेला एक तळं होतं आणि तळ्याकाठी तंबूंसाठी राखलेलं मैदान. तिथली व्यवस्था एक वयस्क बाई बघायच्या. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणत. मोसम अजून सुरू न झाल्यामुळे आमच्याशिवाय तिथं कुणी नव्हतं. दुपारी ताई तंबूच्या दोऱ्या ताणत होती आणि मी चुलीवर पाणी ठेवलं होतं. बोक्याची लांब दोरी तेवढ्यापुरती माझ्या हातात होती. वारा आला, पातेल्याचं झाकण उडालं आणि दगडावर आपटलं. थाळी बडवावी तसा आवाज झाला. दोरीला हिसका बसला, माझा तळवा सोलवटला, आणि मी खाली बघेपर्यंत हात रिकामा होता. झाडांत एक तपकिरी काहीतरी शिरताना दिसलं, बस्स.

"ताई," मी म्हणाले. रिकामा हात पुढं केला.

ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ती धावली.

अंधार पडेपर्यंत आम्ही ते जंगल पालथं घातलं. "बोका! बोका!" ओरडून आमचे घसे बसले. पलीकडच्या काठावर गळ टाकून बसलेला एक माणूस सहानुभूतीनं म्हणाला, "बाई, मांजर एवढ्या लांब येत नाही हो. घराजवळच बघा." एरवी आम्ही हसून लोळलो असतो.

परत आलो तर शिट्टीबाई कंदील घेऊन उभ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता हाका बंद करा. घाबरलेलं कुत्रं आपल्या माणसालाही ओळखत नाही. तुम्ही धावलात की त्याला वाटतं पाठलाग चाललाय. जिथनं सुटलं तिथं त्याची चादर पसरा, पाणी ठेवा, गाडीचं दार उघडं टाका, आणि एकीनं बसून राहा. जमिनीवर. वाट बघा."

"बसून कुत्रं मिळतं होय!" ताई फणकारली. म्हाताऱ्या माणसाशी ती असं कधी बोलत नाही.

"मला आजवर तीन मिळालीत," शिट्टीबाई शांतपणे म्हणाल्या. "धावणाऱ्यांना किती मिळाली ते विचारून बघा."

ताईनं घरी फोन केला, दोन वाक्यं बोलली, ठेवला. उजाडायच्या आधीच ती निघून गेली होती. मी चादर पसरून बसले, कारण कुणीतरी बसायला हवं होतं आणि दोष माझा होता. आठच्या सुमारास ती परत आली. गुडघ्यापर्यंत चिखल, गालावर ओरखडा. माझ्यासमोर उभी राहिली आणि तिचा चेहरा मला ओळखू येईना.

"दिसला," ती म्हणाली. "तळ्याच्या टोकाला. दोरीसकट. शंभर पावलांवर होता. मी हाक मारली आणि धावले. त्यानं माझ्याकडे बघितलं, नीट बघितलं गं, आणि पळाला. माझ्यापासून पळाला."

तिच्या पायातली सगळी स्प्रिंग त्या वाक्यानं उतरली. पण खाली बसली नाही. झाडाला हात लावून उभी राहिली.

दहाच्या बसनं घड्याळजी आले. दुकानातलेच पॉलिश केलेले बूट, हातात पिशवी. आले, ओरखडा बघितला, पिशवीतून उकडलेली अंडी आणि मलम काढलं. कुत्र्याचं मागनं विचारलं. मी शिट्टीबाईंचं म्हणणं सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली.

"बरोबर आहे. तू बस," ते ताईला म्हणाले. "मी जातो."

"अहो, तुम्ही? तुम्हाला शंभर पावलं चालायची सवय नाही."

"म्हणूनच. माझ्याकडे बघून कुणी पळत नाही. तुझा स्वेटर काढ."

ताईच्या अंगातला घामेजलेला स्वेटर त्यांनी सुतळीला बांधला. जिथं बोका दिसला होता तिथून तंबूपर्यंत तो जमिनीवरून ओढत आणायचा, म्हणजे वासाची वाट तयार होईल, ही कल्पना शिट्टीबाईंची. सव्वीस वर्षं एका स्टुलावर बसलेला माणूस चकचकीत बुटांनी चिखल तुडवत, मागं एक जांभळा स्वेटर फिरायला नेल्यासारखा ओढत, झाडांत दिसेनासा झाला.

आणि ताई बसली. चादरीवर, मांडी घालून, झाडांकडे पाठ करून, कारण टक लावून बघायचंही नाही असं बाईंनी बजावलं होतं. पहिल्या अर्ध्या तासात तिनं चौदा वेळा मला वेळ विचारली. अवतीभोवतीचं गवत उपटून टक्कल केलं. पाय हलायला लागला की स्वतःच्याच हातानं गुडघा दाबून धरायची. मी कधी कुणाला बसून एवढं दमलेलं पाहिलं नाही. दुपार कलायला लागली. घड्याळजी दोन खेपा करून आले होते, एका टाचेला फोड घेऊन आमच्याशेजारी बूट काढून बसले होते. तळं एकदम स्तब्ध होतं.

"मला दिसलं होतं," ताई अचानक म्हणाली.

"बोका ना? सांगितलंस की," मी म्हणाले.

"दादाचं. त्या दिवशी. पडद्यावर चित्र आलं आणि मला दिसलं. लिंबाएवढा डाग. इतकी वर्षं बघतेय मी, मला कळत नाही होय? तो शर्ट घालत विचारत होता, काय दिसतंय गं? मी म्हणाले, डॉक्टर सांगतील. डॉक्टरांची वेळ मिळायला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत तो एक खेप करून आला. आल्यावर मला सांगत होता, घाटात धुकं काय पडलं होतं! मी ऐकत होते आणि मला माहीत होतं." तिनं आणखी एक मूठ गवत उपटलं. "त्याला फसवलं मी. आणि तेव्हापासून कुठं बसले की तो डाग समोर येतो."

नियम तोच होता, आणि तो तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होता.

घड्याळजींनी टाचेवरचा हात काढला. "मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"काय ठाऊक होतं?"

"त्या संध्याकाळी तू दुकानात आलीस आणि माझी सगळी हत्यारं आवरलीस. लहानमोठी, ओळीनं. पंचवीस वर्षांत तू माझ्या हत्यारांना हात लावला नव्हतास. मी म्हटलं, हिनं काहीतरी पाहिलंय. मग दादानं एक्स-रे काढल्याची तारीख सांगितली, तेव्हा जुळलं."

"आणि तुम्ही मला काही विचारलं नाहीत!"

"तू थांबशील तेव्हा विचारू म्हटलं. तू थांबलीच नाहीस."

ताई रडली. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून. त्या आवाजानं कुत्रं जवळ असतं तर दहा कोस गेलं असतं, पण आम्हा दोघांनाही तिला गप्प करावंसं वाटलं नाही. रडून झाल्यावर तिनं दोन अंडी खाल्ली आणि पुन्हा पाठ करून बसली.

रात्री आळीपाळीनं डुलक्या काढल्या. सोमवारी सकाळी मी इस्पितळात फोन करून दोघींची रजा सांगितली. साहेब ओरडत होते ते मी कानापासून लांब धरून ऐकलं. फोन ठेवला आणि बघते तर मैदानाच्या कडेला बोका उभा.

दोरी अर्धी चावून तोडलेली. पुढचा उजवा पाय उचललेला. उभा कान उभा, पडलेला पडलेला. जांभळ्या स्वेटरच्या वाटेवर नाक टेकवून तो दोन पावलं आला, थांबला. घड्याळजी तंबूच्या दारात होते, तिथंच दगड झाले. ताईची त्याच्याकडे पाठ होती. मी ओठांनीच तिला सांगितलं: आलाय. तिच्या मानेची शीर ताठ झाली. तिनं गुडघा हातानं दाबून धरला. ती हलली नाही. मी मोजत नव्हते, पण घड्याळजींनी नंतर सांगितलं, सतरा मिनिटं.

बोका चादरीपर्यंत आला. चादर हुंगली. ताईची पाठ हुंगली. आणि तिला वळसा घालून सरळ गाडीकडे गेला, उघड्या दारातून तीन पायांवर उडी मारून पुढच्या सीटवर चढला आणि आता निघायचं की नाही अशा नजरेनं आमच्याकडे बघायला लागला.

"बघा!" ताई हसत, नाक पुसत म्हणाली. "एवढं बसले मी, आणि याला भेटायचंय कुणाला तर गाडीला!" घड्याळजींनी सावकाश जाऊन आधी दार लावलं, मगच हसले.

पंजात काटा मोडला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी तो काढला, पट्टी बांधली आणि पंधरा दिवस घरात ठेवायला सांगितलं. बोक्यानं ते पंधरा दिवस तीन पायांवर दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या घातल्या. खालच्या मास्तरांनी वर येऊन कुत्र्याची चौकशी केली आणि टाइपरायटरचं एक अक्षर नादुरुस्त झाल्यासारखं वाटतं म्हणाले. थंडीत तो अजून किंचित लंगडतो.

ताई बदलली का, असं मला विभागातले विचारतात. जिने ती अजून चढते, माझ्या पेनाला टोपण अजून लावते. मात्र एके दिवशी एका तरुण पेशंटनं आतून विचारलेलं मी ऐकलं, काय दिसतंय? ताईनं नेहमीचंच उत्तर दिलं. मग ती त्याच्याबरोबर बाहेर आली, डॉक्टरांच्या खोलीपर्यंत चालत गेली, दारात उभी राहून काहीतरी बोलली आणि त्याला सहा दिवसांनंतरची नाही, त्याच दुपारची वेळ मिळवून दिली. हे ती आता बऱ्याचदा करते. साहेबांना आवडत नाही.

एका जागी आता ती दोन रात्री राहते. तिसरी मात्र जमत नाही म्हणते. परवा मी त्यांच्या इमारतीवरून जात होते. घड्याळजींच्या दुकानाला शनिवारी भर सकाळी कुलूप, आणि काचेला आतून एक पुठ्ठा लावलेला. सुबक अक्षरांत लिहिलं होतं: दुकान सोमवारी उघडेल. कुत्रा वेळेवर परतल्यास.